तळटिपेतली द्रौपदी

"द्रौपदी मयसभेत दुर्योधनाला हसलीच नव्हती, हे भांडारकर संस्थेने सिद्ध केले आहे." हा निरोप मोबाइलवर अनेकांनी कधी ना कधी वाचला असेल. माझी ताई सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मराठी शिकवते आणि तिथल्या सार्वजनिक वाचनालयात दर शनिवारी महाभारताचा वाचनवर्ग घेते. वर्गातल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी हा निरोप मोठ्याने वाचून दाखवला आणि विचारले, "बाई, हे खरे का?" ताईने तो प्रश्न मामांपुढे ठेवला. मामांनी उभी हयात संस्कृत शिकवण्यात आणि पोथ्यांचे पाठ ताडून पाहण्यात घालवली आहे. शास्त्र सोपे करून सांगण्याच्या उद्योगावर त्यांचा मनापासून राग आहे. ताईचा तर सगळा भरवसा त्याच उद्योगावर. त्यांचे बोलणे दोघांच्या संमतीने इथे देतो आहे, कारण प्रश्न त्या दोघांपुरता नाही.

मामा: सिद्ध काय झाले आहे ते आधी ऐक. पुण्याच्या भांडारकर संस्थेने पोथ्या ताडून काढलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत, सभापर्वात दुर्योधन पाण्यात पडतो तेव्हा कोण कोण हसले हे कवी सांगतो. नोकरचाकर हसले, भीम हसला, अर्जुन हसला, नकुल-सहदेव हसले. त्या यादीत द्रौपदी नाही. आंधळ्याचा मुलगा आंधळा, हे तिच्या तोंडचे म्हणून सगळ्यांना पाठ असलेले वाक्य तर नाहीच नाही. इथवर तुमचा निरोप बरोबर. पण हस्तिनापुरात परतल्यावर हाच दुर्योधन बापापुढे आपले दुखणे सांगतो, तेव्हा म्हणतो की द्रौपदीही इतर स्त्रियांसह मला हसली. हा श्लोकही त्याच आवृत्तीच्या मुख्य पाठात आहे. मग ती हसली की नाही? आवृत्ती त्याबद्दल काही म्हणतच नाही. कवी सांगत नाही आणि दुर्योधन सांगतो, एवढेच तुझ्या-माझ्या हाती आहे.

ताई: मामा, हे जे आत्ता सांगितलेत, ते त्या मुख्याध्यापकांना कळणार नाही असे वाटते का तुम्हाला?

मामा: कळेल. पण टिकणार नाही. लोकांना निकाल हवा असतो, हसली की नाही हसली. माझ्यापाशी निकाल नसतो, पाठ असतो. तू शनिवारी एवढे सगळे सांगशील आणि रविवारी त्यातले निम्मे वाक्य पुन्हा मोबाइलवर फिरेल. त्यापेक्षा न सांगितलेले बरे. ज्याला हवे तो संस्कृत शिकेल, पुण्याला येईल, खंड उघडून बघेल.

ताई: निरोप फिरला तो कोणी सोपे करून सांगितल्यामुळे नाही. ज्यांना माहीत होते ते बोलले नाहीत म्हणून फिरला. आवृत्ती १९६६ साली पुरी झाली. तिच्या प्रस्तावना इंग्रजीत, पोथ्यांच्या खुणा रोमन अक्षरांत, आणि पानाचा खालचा भाग पाठभेदांनी भरलेला. आमच्या वाचनालयात ते खंड कोणी आणून ठेवले तरी उघडल्यावर काय बघायचे, हे सांगणारे मराठीत चार पानांचे टिपण तरी हाताशी असते का?

मामा: ते काम कसे झाले हे तुला ठाऊक आहे, म्हणून तू असे बोलू नये. १९१९च्या एप्रिलमध्ये म्हाताऱ्या रामकृष्णपंत भांडारकरांच्या हस्ते पहिल्या मंगलश्लोकाने पाठ ताडायला आरंभ झाला. १९२५ साली विष्णु सीताराम सुखठणकर प्रमुख संपादक झाले. केंब्रिजला गणित शिकलेला आणि बर्लिनला ल्यूडर्स यांच्याकडे संस्कृत शिकलेला माणूस. एकटे आदिपर्व पुरे व्हायला १९३३ साल उजाडले. काश्मीरची शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम इतक्या लिप्यांतल्या पोथ्या. सगळ्या पर्वांच्या मिळून १,२५९. एकेका श्लोकासाठी तक्ता आखायचा, प्रत्येक पोथीतला पाठ त्यात उतरवायचा आणि मग ठरवायचे. सुखठणकर १९४३च्या जानेवारीत गेले. पुढे श्रीपाद कृष्ण बेलवलकर, मग परशुराम लक्ष्मण वैद्य. संपादकांच्या पिढ्या त्यात खपल्या.

ताई: आणि पैसा?

मामा: पैसा अनेकांनी दिला.

ताई: पहिला मोठा आधार औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींचा. लाख रुपये देऊ केले होते त्यांनी. औंध आमच्याच जिल्ह्यात आहे, मामा. संस्थानाचा पैसा म्हणजे रयतेने भरलेला सारा. माझ्या वर्गात खटाव तालुक्यातल्या बाया-माणसे येतात. त्यांच्या पणज्यांनी-खापरपणज्यांनी भरलेल्या पैशांतून हा ग्रंथ उभा राहिला, आणि त्यात काय आहे हे त्यांना मोबाइलवरच्या खोट्या निरोपातून कळावे? हे मला सहन होत नाही.

मामा यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटते, ताईचा हा मुद्दा बिनतोड आहे. त्यात उपकाराची भाषा नाही. लोकांना ज्ञान द्यावे असे आपण म्हणतो तेव्हा बोलण्यात दात्याचा सूर येतोच. ताई त्याच गोष्टीला देणे म्हणते.

मामा: देणे आहे, मान्य. पण फेडायचे कसे? निष्कर्ष वाटून ते फिटत नाही. लोकांना शिकवायची ती पद्धत, आणि ती आठवड्याच्या वर्गात शिकवता येत नाही. काश्मीरची शारदा पोथी आणि केरळची मल्याळम पोथी यांच्यात एखादा श्लोक जसाच्या तसा आला आणि मधल्या मुलखातल्या पोथ्यांत तो वेगळा असला, तर आपण काय म्हणतो? दोन टोकांच्या नकलाकारांनी एकमेकांचे कागद पाहिले असण्याचा संभव फार कमी, तेव्हा जुळणारा तो पाठ जुना. सुखठणकरांच्या कामाचा कणा हाच. पण हे समजायला पोथ्या हाताळाव्या लागतात.

ताई: आम्ही हाताळल्या.

मामा: काय हाताळल्या?

ताई: आरत्यांच्या वह्या. वर्गातल्या प्रत्येकाला घरातली जुनी हाताने लिहिलेली आरत्यांची वही आणायला सांगितली. कोणाच्या आजीची, कोणाच्या सासऱ्यांची. एकच आरती सगळ्या वह्यांतून काढली, फळ्यावर तक्ता आखला आणि ओळ घेऊन एकेका वहीतला शब्द लिहीत गेलो. माण तालुक्यातली एक वही आणि कोकणातून लग्न होऊन आलेल्या बाईंची एक वही, दोन्हींत एक शब्द सारखा निघाला. मधल्या साऱ्या वह्यांत तो दुसराच. गिरणी चालवणाऱ्या एक बाई आहेत, त्या म्हणाल्या, यांची गाठ पडलेली नाही, म्हणजे हा शब्द पहिल्यापासूनचा. मी काही सांगितले नव्हते.

मामा: आरतीची वही आणि महाभारत एक नाही. नकलाकार एकच पोथी समोर घेऊन बसत नसे. दोन-तीन पोथ्या ताडून, दिसेल ते जमा करत जाई. म्हणून तर महाभारताच्या पोथ्यांची सरळ वंशावळ मांडता येत नाही. सुखठणकरांनी ही अडचण लपवली नाही, स्वतःच लिहून ठेवली.

ताई: तेही निघाले. एका वहीत शाईने लिहिलेल्या ओळीवर पेन्सिलीने दुरुस्ती होती. आईकडून उतरवून घेतलेली आरती त्या बाईंनी सासरी आल्यावर सासूबाईंच्या वहीवरून सुधारली होती. ही वही कोणाची मुलगी मानायची, यावर वर्गात अर्धा तास वाद चालला. शेवटी ठरले की दोघींची.

मामांनी त्या पेन्सिलीच्या दुरुस्तीबद्दल बारकाईने विचारले. कोणत्या ओळीवर, किती ठिकाणी, जुना शब्द खोडला होता की नुसता वर लिहिला होता. ताईने वहीचा फोटो दाखवला. ज्याला प्रमाणाची आस्था आहे तो प्रमाण दिसले की वाद विसरतो, हे मी मामांच्या बाबतीत आधीही पाहिले आहे.

मामा: चांगले केलेस. पण तुझ्या फळ्यावर एक गोष्ट आली नसेल. चिकित्सित आवृत्तीच्या पानांवर काही शब्दांखाली नागमोडी रेघ असते. तिचा अर्थ असा की हा पाठ आम्ही स्वीकारला आहे, पण त्याची खात्री आम्हाला कमी आहे. आणि जे श्लोक मुख्य पाठातून काढले ते फेकून दिलेले नाहीत. तारांकित होऊन तळाला गेले, लांबलचक प्रसंग परिशिष्टात गेले. गणपती व्यासांचा लेखनिक झाला ती कथा परिशिष्टात आहे. कोणाला वाटले की संपादक चुकले, तर त्याने तिथेच बघावे आणि आपला निर्णय करावा. सामान्यांसाठी लिहिणाऱ्यांवर माझा राग आहे तो याच कारणाने. ते रेघ पुसतात. जे संपादकाने भीत भीत छापले, ते हे छातीठोक सांगतात.

ताई: कथेकऱ्याने नागमोडी रेघ कुठे आखायची? आमच्याकडे चातुर्मासात पांडवप्रताप लावतात. श्रीधरांनी मूळ ग्रंथाशी किती ठिकाणी फारकत घेतली आहे, याचा जाब विचारायचा का?

मामा: अजिबात नाही. श्रीधरस्वामी, मुक्तेश्वर, मोरोपंत ही सगळी कविमंडळी. त्यांना पूर्ण मोकळीक. जांभूळआख्यान रंगवणाऱ्या शाहिरालाही मोकळीक. ते कुठे म्हणतात की आम्ही संशोधन सांगतो? १९६७ साली शिवाजी सावंतांची कर्णावरची 'मृत्युंजय' आली, तीही कादंबरी म्हणूनच आली. माझी तक्रार आहे ती संशोधनाचे नाव घेऊन कादंबरी सांगणाऱ्यांबद्दल.

ताई: त्याच १९६७ साली 'युगान्त' आले.

मामा: हो. इरावतीबाई कर्व्यांचे.

ताई: मग त्यांना कुठे बसवता? मानवशास्त्राच्या संशोधक, डेक्कन कॉलेजात आयुष्य गेले, आणि भांडारकरची आवृत्ती समोर ठेवून सामान्य मराठी वाचकासाठी लिहिले. पुढच्या वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मग इंग्रजीतही स्वतःच आणले. धर्मराजाचा बाप विदुर असावा असा तर्क त्यांनी मांडला, त्याने किती माणसे दुखावली असतील. पण लिहायचे थांबल्या नाहीत.

मामा: तो तर्क मला पटत नाही. पुरावा तोकडा आहे. पण इरावतीबाईंना मी या गर्दीत घालणार नाही, आणि का ते सांगतो. द्रौपदीवरच्या लेखाच्या शेवटाकडे ती वाटेत पडली आहे, भीम मागे वळतो, असा एक प्रसंग त्या रंगवतात. तो महाभारतात नाही. आणि तो सुरू करण्याआधी त्या वाचकाला सांगतात, इथवरचे आवृत्तीच्या आधाराने होते, आता पुढचे माझे. सांगून मग रंगवतात. ती त्यांची नागमोडी रेघ.

ताई: म्हणजे सामान्यांसाठी लिहिताना रेघ आखता येते.

मामा: येते. इरावतीबाईंना आली.

या ठिकाणी वाद संपायला हरकत नव्हती, पण संपला नाही. ताईने कर्णाचा विषय काढला, आणि तो फार मोलाचा निघाला. तिच्या वर्गात मृत्युंजयवेडे बरेच आहेत. स्वयंवरात द्रौपदी कर्णाला, मी सूताला वरणार नाही, असे भर सभेत सुनावते, हा प्रसंग त्यांच्या लेखी महाभारताचा गाभा आहे. चिकित्सित आवृत्तीत ते बोल मुख्य पाठात नाहीत, तळटिपेत आहेत. ताईने हे सांगितले तेव्हा एक तरुण उठून गेला. त्याच्या मते जातीवरून झालेला अपमान पुण्याच्या पंडितांनी पुराव्याच्या नावाखाली पुसून टाकला होता.

मामा: बघ. म्हणून म्हणतो.

ताई: तो परत आला, मामा. पुढच्या शनिवारी आला, कारण मी त्याला निरोप पाठवला की आदिपर्वातला शस्त्रपरीक्षेचा प्रसंग वाचून ये. तिथे कृपाचार्य कर्णाला कुळ विचारतात आणि कर्णाची मान खाली जाते. म्हातारा अधिरथ येतो, कर्ण त्याच्या पायावर डोके ठेवतो, आणि भीम म्हणतो, तुझ्या हाती चाबूकच शोभेल. हे सगळे मुख्य पाठात आहे, तुमच्या त्याच आवृत्तीत. अपमान कोणी पुसलेला नाही. एका बाईच्या तोंडून तो काढला गेला आहे, आणि जिथे राहिला आहे तिथे तो भीमाच्या आणि गुरुजनांच्या तोंडी आहे. त्या मुलाने हे वाचले आणि विचारले, मग द्रौपदीच्या तोंडी तो कोणी घातला? कोणत्या काळात आणि कशासाठी? मला उत्तर देता आले नाही. पण असा प्रश्न तुमच्या किती विद्यार्थ्यांनी विचारला आहे?

मामा: फार थोड्यांनी. हा प्रश्न चांगला आहे. तळटिपेत गेलेले श्लोक म्हणजे केर नव्हे. कोणत्या पोथ्यांत ते आहेत, कोणत्या प्रांतातल्या, हे तिथेच छापलेले आहे. पुढच्या लोकांना द्रौपदी कशी हवी होती, ते त्या तळटिपांत सापडते. त्याला सांग, तळटीप वाचायला शीक, मी शिकवीन.

ताई: वस्त्रहरणाबद्दलही विचारतात. भांडारकरांनी कृष्ण काढून टाकला, असा आरोप काही जण करतात. काही जण तेच वाक्य कौतुकाने बोलतात.

मामा: दोघेही एकच पर्व वाचून थांबलेले. सभापर्वाचे संपादन फ्रँकलिन एजर्टन या अमेरिकन पंडिताने केले. त्याने पोथ्यांच्या आधारे द्रौपदीने कृष्णाचा धावा केल्याचे श्लोक तळाला नेले. वस्त्रामागून वस्त्र येत राहते हे मात्र मुख्य पाठात आहे, फक्त कोणी पुरवले ते कवी सांगत नाही. आता उद्योगपर्व उघड. ते सुशीलकुमार डे यांनी केले. तिथे संजय धृतराष्ट्राला कृष्णाचा निरोप सांगतो. मी दूर होतो आणि द्रौपदीने गोविंद म्हणून हाक मारली, ते ऋण माझ्या मनातून जात नाही, असे कृष्ण म्हणतो. हे मुख्य पाठात आहे. तेव्हा कृष्ण काढला असे म्हणणारा खोटे बोलतो, आणि कृष्णाने तिथे वस्त्रे पुरवली असे आवृत्तीच्या आधारे सांगणाराही खोटे बोलतो. तिने हाक मारली होती, एवढे कृष्णाच्या तोंडून कळते. हाकेचे पुढे काय झाले यावर कवी मौन पाळतो. मला विचारशील तर धाव्याच्या लांबलचक श्लोकांपेक्षा हे मौन फार मोठ्या कवीचे आहे.

ताई: हे लिहा ना, मामा. एवढेच. मराठीत दोन पाने.

मामा: आता? वयाच्या या टप्प्यावर? आणि कोणासाठी? मी नोकरीत होतो तेव्हा दिवाळी अंकात लिहिणाऱ्या प्राध्यापकाला विभागात कमी लेखत. आज तर नियमच तसे आहेत. बढतीच्या गुणांत मान्यताप्राप्त नियतकालिकातला निबंध धरतात, मराठी वाचकासाठी लिहिलेला लेख धरत नाहीत. तरुण मुलाने पोट भरायचे की तुझ्या वाचनालयासाठी लिहायचे?

ताईपाशी याला उत्तर नव्हते, आणि माझ्यापाशीही नाही. पण हे असेच चालत आले आहे, असे मात्र कोणी समजू नये. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी आपले संशोधन हट्टाने मराठीत लिहिले. केतकरांनी ज्ञानकोशाचे खंड मराठी घरांत नेऊन पोचवले. रा. चिं. ढेरे आयुष्यभर मराठीत लिहीत राहिले, आणि त्यांचे 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' इंग्रजीत यावे म्हणून ॲन फेल्डहाऊस यांच्यासारख्या परदेशी विदुषीला मराठी शिकून यावे लागले. विद्वत्ता आणि मराठी वाचक यांच्यात भिंत असावी लागते, हा समज आपल्याकडे अलीकडचा आहे. खुद्द सुखठणकरांचे पाहा. पाठचिकित्सेचा एवढा कडक माणूस, पण शेवटी मुंबई विद्यापीठात महाभारताचा अर्थ काय, या विषयावर व्याख्याने द्यायला उभा राहिला. चारांपैकी चौथे देण्याआधी ते गेले, आणि ती व्याख्याने पुस्तकरूपाने यायला १९५७ साल उजाडले. पाठ ठरवून हात झटकावे असे त्यांनाही वाटले नव्हते.

ताई: एक अडचण तर राहिलीच नाही आता. आवृत्तीचा पाठ संगणकावर फुकट मिळतो. जपानच्या मुनेओ तोकुनागांनी तो टंकित केला, केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी तपासून दुरुस्त केला. माझ्या वर्गातली मुले मोबाइलवर देवनागरीत श्लोक काढतात.

मामा: त्यात तळटिपा आहेत? नागमोडी रेघा आहेत?

ताई: मुले जो पाठ उघडतात, त्यात नाहीत.

मामा: मग ते अर्धेच महाभारत आहे. मुलांना सांग, छापील खंडही बघा. औंधच्या पैशाचे आहेत म्हणालीस ना, मग तुमच्या वाचनालयाने मागवावेत.

मामा ताईच्या वाचनालयात व्याख्यानाला येणार नाहीत. ताईने तीनतीनदा विचारले, त्यांनी नकार दिला, आणि तो मला मान्य आहे. ज्याला तासाभरात बोलणे म्हणजे लबाडी वाटते, त्याने बोलू नये. पण ताईच्या वर्गात वाटली जाणारी टिपणे ते तपासून देणार आहेत. त्यासाठी त्यांनी एक अट घातली आणि ताईने ती लगेच मान्य केली. टिपणातल्या प्रत्येक विधानापुढे तीनपैकी एक खूण असेल. मुख्य पाठात आहे, तळटिपेत आहे, की सांगणाऱ्याचे स्वतःचे आहे.

माझे मत ताईच्या बाजूचे आहे, पण मामांची अट घालून. लोकांना सोपे सांगितल्याने ज्ञान बिघडत नाही, खात्री आणि तर्क एका सुरात सांगितल्याने बिघडते. आणि जे जाणतात ते बिघडण्याच्या भीतीने गप्प बसले, तर न जाणणारे त्यांच्या नावाने बोलतात. मयसभेचा निरोप त्याचा पुरावा आहे.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या गावच्या व्याख्यानमालेत पुढच्या वेळी कोणी वक्ता म्हणाला की महाभारतात असे आहे किंवा संशोधनाने तसे सिद्ध झाले आहे, तर प्रश्नोत्तरांच्या वेळी हात वर करा आणि विचारा, कोणत्या पर्वात, मुख्य पाठात की तळटिपेत, आणि यातले तुमचे किती? चांगल्या वक्त्याला या प्रश्नाचा राग येणार नाही.